रानमेंढ्याच्या शिंगांना खोबरेल

वास पहिल्यांदा आला तो सासूबाईंना. त्या नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळचा चहा घेऊन मागच्या अंगणात गेल्या आणि तशाच नाकाला पदर लावून घरात आल्या.

"अवं, काय वास मारून राहिला बाहेर! उंदीर मेला असंन."

झालं. माझ्या नवऱ्याने ऑफिसला जायच्या आधी गराज पालथं घातलं, पोटमाळ्यावर चढून डोक्याला टेंगूळ करून घेतलं, आणि "काही नाहीये यार, उगाच आईचं आपलं काहीतरी" असं म्हणून बस पकडायला पळाला. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी आधी फ्रिज हुंगला, मग कचऱ्याचा डबा हुंगला, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच काहीतरी शिजवून विसरले असेन.

मी पुण्याची, सासर मूळचं वर्ध्याकडचं. त्या नजरेची मला सवय होती. पण मी दातांची डॉक्टर. सडलेल्या मांसाचा वास मला ओळखायला शिकवू नका. लग्नाआधी पुण्यात आणि नंतर नागपुरात मिळून मी इतकी तोंडं उघडून पाहिली आहेत की उंदीर कुठला आणि काय कुठलं हे मला झोपेतही सांगता येईल. हा वास कुंपणापलीकडून येत होता.

कुंपणापलीकडे मावशी राहायची. आमची सख्खी मावशी नव्हे. सत्तरी ओलांडलेली अमेरिकन बाई, पाठीवर पांढरी वेणी, अंगात कायम जीन्स आणि नवऱ्याचे जुने शर्ट. मावशी म्हणजे आईची बहीण, असं मी एकदा तिला सांगितलं होतं. तेव्हापासून तिला ते नाव आवडून गेलं होतं. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा जन्मभराचा धंदा टॅक्सिडर्मीचा. लोकांनी शिकार केलेली जनावरं आणून द्यायची, आणि या दोघांनी मागच्या शेडमध्ये त्यांची मुंडकी भिंतीवर लावण्याजोगी करून द्यायची. कातडं, पापण्या, डोळे हे तिचं काम. शिंगं त्याची. एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही, असा त्यांचा संसार. आदल्या हिवाळ्यात तो गेला.

मी कुंपणावरून डोकावले तर ती शेडच्या दारात उभी, तोंडाला रुमाल बांधून, समोर एक काळी कचऱ्याची पिशवी.

"वास येतो का गं तुमच्याकडे?" तिने विचारलं. इंग्रजीतच, पण मला ते असंच ऐकू आलं.

"छे छे," मी म्हटलं. "आम्ही फक्त घर विकायच्या विचारात आहोत."

ती हसली आणि तिने मला आत बोलावलं.

पिशवीत रानमेंढा होता. म्हणजे त्याची कवटी आणि तिच्यावर ती दोन प्रचंड, कानामागून गोल फिरून गालापर्यंत आलेली शिंगं. तो कसा मिळाला ते मावशीने मला त्या दिवशी सांगितलं. आमच्या राज्यात रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीवर मिळतो, आणि एकदा मिळाला की जन्मात पुन्हा मिळत नाही. ती आणि तिचा नवरा लग्न झाल्यापासून दर वर्षी अर्ज करत होते. दर वर्षी नकार. तो गेला, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या नावाने परवाना आला. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून, भावाला बरोबर घेऊन ती पर्वतापलीकडच्या कोरड्या डोंगरांत गेली आणि मेंढा घेऊन आली.

"जन्मभर दुसऱ्यांचे मेंढे केले आम्ही," ती म्हणाली. "हा आमचा. आणि याची शिंगं करायला तो नाही. मी कधी शिंगाला हात लावलेला नाही. पण हा मेंढा मी बाहेर कुणाकडे देणार नाही. आणि बिघडला तर दुसरा नाही."

शिंगं काढायची तरी कशाला, असं मी विचारलं. तिने सांगितलं आणि मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले, कारण मला इतका आनंद झाला. मेंढ्याचं शिंग भरीव नसतं. कवटीतून हाडाचा एक सुळका निघतो आणि त्याच्यावर म्यानासारखं शिंग बसलेलं असतं. दोहोंच्या मध्ये मांसाचा पातळ थर. तो तसाच ठेवला तर दिवाणखान्याच्या भिंतीवर सडत बसतो. म्हणून मुंडकं पिशवीत बांधून उबेत ठेवायचं, तो थर सडू द्यायचा, शिंग ओढून काढायचं, हाड साफ करून वाळवायचं आणि शिंग पुन्हा जिथल्या तिथे चिकटवायचं. अगदी जिथल्या तिथे. जरा फिरलं तरी मेंढ्याचा चेहरा बदलतो.

अहो, म्हणजे दातावरची कॅपच की! शेडमध्ये मी नजर फिरवली तर बारीक ड्रिल, मेण, प्लास्टर, छोटे चमचे, सगळं ओळखीचं. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. या देशात मला काम करायची परवानगी नव्हती, आणि असती तरी माझी डिग्री इथे चालत नव्हती. घरात बसून बसून मी इतकी चिडकी झाले होते की टोस्टरशीही भांडायचे. त्या शेडमध्ये मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्या दिवशी अ‍ॅप्रन घालून हजर झाले.

शिंगं निघाली तो दिवस मी विसरणार नाही. ओढायच्या आधी मावशीने शिंगाच्या बुडाशी चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांवर पेनाने रेघा मारल्या. अर्धी रेघ शिंगावर, अर्धी कवटीवर. तिचा नवरा असंच करायचा. नंतर शिंग परत बसवताना रेघेला रेघ जुळली की झालं. "या पट्ट्या जपायच्या," ती म्हणाली. मग मी कवटी धरली, तिने रबरी हातोडीने ठोकलं, पिळलं, पुन्हा ठोकलं. कुंपणाच्या पलीकडून सासूबाई नाक दाबून समालोचन करत होत्या. "अवं, जोर लावा! जेवल्या नाही का दोघी?" शेवटी फच्च असा आवाज झाला आणि शिंग मावशीच्या हातात आलं. वास असा की सासूबाई समालोचन सोडून घरात गेल्या आणि उदबत्ती लावून बसल्या.

दुसरंही निघालं. हाडं ड्रिलने साफ केली. शिंगं नळीखाली धुऊन मावशीने तिच्या मागच्या पायऱ्यांवर वाळत ठेवली, कारण त्या आठवड्यात बेलव्ह्यूत चक्क ऊन होतं. मग ती कमावायला दिलेलं कातडं आणायला दूरच्या गावी निघाली. जाताना मला म्हणाली, "पाऊस आला तर तेवढी शिंगं आत घे."

"घेईन की," मी म्हटलं, आणि सासूबाईंना ते सांगून इंडियन स्टोअरला गेले.

आता पाऊस आला नसता तर ते बेलव्ह्यू कसलं.

मी परतले तेव्हा घरात खोबरेलाचा वास दरवळत होता. दिवाणखान्यात वर्तमानपत्र अंथरून त्यावर दोन्ही शिंगं मांडलेली, काळीभोर, लखलखीत, आरशासारखी. शेजारी सासूबाई, हाताला तेल, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"पाहा वं, कसे दिसून राहिले! तुम्ही दोघींनी नुसते पाण्याखाली धरले होते. मी पावडर टाकून ब्रशने घासले. मग तेल लावलं. आमच्याकडे पोळ्याले बैलाचे शिंगं असेच करत."

मी हातातल्या पिशव्या तिथेच टाकल्या. "आई, पट्ट्या? त्याच्यावर पट्ट्या होत्या ना चिकटवलेल्या?"

"हो ना, त्या निघता निघत नव्हत्या. नखानं काढल्या. दुकानातल्या किमतीच्या असतील, म्हटलं."

"आतूनसुद्धा तेल लावलंत?"

"आतून तर जास्तच लावलं. आतूनच वास होता."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सासूशी असं बोलू नये हे मलाही कळतं. पण सगळं बोलून झाल्यावर मी त्यांना त्या पट्ट्या म्हणजे काय होतं ते सांगितलं, मावशीचा नवरा, सोडत, सगळंच. सासूबाईंचा चेहरा उतरत गेला. बैलांच्या घरात वाढलेली बाई ती; शिंग दिसलं की घासायचं आणि तेल लावायचं हे तिच्या हातांनाच ठाऊक होतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आता तिले काय सांगशील?"

काही सांगावं लागलं नाही. मी शिंगं शेडमध्ये नेऊन ठेवली. संध्याकाळी मावशी आली, तिने एक शिंग उचललं, हुंगलं, आणि उपड्या बादलीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती शिंगाच्या बुडावरून अंगठा फिरवत राहिली, जिथे रेघ होती तिथे.

"एकाच जागी बसतं गं हे," ती म्हणाली. "आणि ती जागा मला माहीत नाही. त्याला बघून कळली असती."

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. "तिले सांग, चूक माझी झाली. हिची नाही. काही करता येत असंन तर मी रात्रंदिवस बसतो."

मी सांगितलं. आणि त्याच दमात म्हटलं, "मी बसवून देते."

"तू कधी मेंढा केलायस?"

"मेंढा नाही. पण नागपुरात एक नगरसेवक केला होता, त्याची सगळी कवळी. याहून अवघड होता."

मावशीला नगरसेवक म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती हसली, आणि ते मला पुरलं.

आधी तेल काढायला हवं होतं, नाहीतर काहीच चिकटलं नसतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाच्या बाटल्या आणून सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळपासून शिंगं आतून पुसत बसल्या. त्यांच्या मनाला लागलं होतं. मी चहा नेला तरी घेईनात. पुसायचं, हुंगायचं, पुन्हा पुसायचं.

मग मी शिंग हाडावर चढवून पाहिलं. मधला थर गेल्यामुळे ते आत सैल होतं. असं फिरवलं तरी बसायचं, तसं फिरवलं तरी बसायचं. मावशीने कमावून आलेलं कातडं आणून त्यातली शिंगांची भोकं जुळवून पाहिली, पण कातडं कमावताना ताणलं आणि आकसलं होतं. एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला तंग. तिच्या भावाने डोंगरावर घेतलेला फोटो काढला, तर त्यात मेंढ्यापेक्षा मावशीचं तोंडभर हसू जास्त दिसत होतं आणि मेंढ्याचं अर्धं तोंड सावलीत. मावशीने फोटो उलटा ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे. राहू दे."

मला अस्सा राग आला! राहू दे काय? अशी कशी राहू दे?

दातावर कॅप बसवताना ती कुठे टेकते आहे आणि कुठे नाही हे आम्ही रंगाने पाहतो. रंगाचा कागद मध्ये धरायचा, पेशंटला म्हणायचं चावा. जिथे डाग उमटतो तिथे टेकतं. माझ्याकडे तो कागद नव्हता. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमचं कुंकू द्या."

"कायले?"

"हाडाला लावायचंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मेंढ्याच्या कवटीकडे पाहिलं, शेडच्या छताकडे पाहिलं. "देवाचं कुंकू आहे वं ते." पण उठल्या, घरी गेल्या, आणि डबी तर आणलीच, वर म्हणाल्या, "घे बाप्पा. पोळ्याले बैलाले लावतोच की."

कुंकू व्हॅसलीनमध्ये कालवलं. हाडाला पातळ लेप दिला. शिंग चढवलं, हलकेच दाबलं, काढलं. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि आम्ही तिघींनी शिंगाच्या आत डोकी घातली. एका कडेला लालभडक, बाकी कोरडं. म्हणजे चुकलं. पुसलं, जरा फिरवून पुन्हा. आता वर टेकत होतं, खाली नाही. पुन्हा पुसलं. मावशी आता बादलीवरून उठून माझ्या खांद्याशी आली होती. सासूबाई मराठीत सूचना देत होत्या, मावशी इंग्रजीत, आणि गंमत म्हणजे दोघी एकच सांगत होत्या. असं किती वेळ चाललं कोण जाणे, आमची बोटं, नाकं, अ‍ॅप्रन, सगळं लाल. आणि मग एकदा शिंग चढवलं, दाबलं, आणि ते बसलं. मला हाताला कळलं. काढून पाहिलं तर आत सगळीकडे सारखा लाल रंग, बुडापासून वरपर्यंत.

"जमलं!" मी ओरडले. माझे हात इतक्या दिवसांनी माझे झाले होते, आणि मला नाचावंसं वाटत होतं. दुसरंही तसंच सापडलं. आम्ही नव्या रेघा मारल्या आणि सासूबाईंनी जाहीर केलं की आता या पट्ट्यांकडे कुणी नुसतं पाहिलं तरी हात तोडीन.

कुंकू साफ पुसून झालं. आता चिकटवायचं. गाडीला पोचा पडला की गॅरेजवाले भरतात तीच लांबी, म्हणजे पुट्टी, इथेही वापरतात. तिच्यात दुसरं रसायन मिसळलं की ती बघता बघता दगड होते. मग देवही काही करू शकत नाही. मावशीने लांबी कालवली, उजव्या शिंगात भरली, मी चढवलं, रेघेला रेघ जुळवली, धरून राहिले. घट्ट झालं. उत्तम.

मग डावं. तसंच भरलं, तसंच चढवलं. रेघ अशी जुळली की माझ्या कॉलेजच्या सरांनीही मान डोलावली असती. "आता कुणी हात लावू नका," मी म्हटलं. मावशी मागे गेली, दारात उभी राहून तिने मेंढ्याकडे पाहिलं. मग सरळ चालत आली, डाव्या शिंगाखाली अंगठा घातला आणि शिंग वर उचललं. केसभर.

"अहो बाई, काय करताय! हात काढा!" मी मराठीतच ओरडले. तिने काढला नाही. मी खाली दाबायला गेले तर तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. बाईच्या हातात जोर होता. लांबी गरम होत होती, मला बोटांना जाणवत होतं.

"तो प्रत्येक मेंढ्याचं डावं शिंग वर बसवायचा," ती म्हणाली. "प्रत्येक. मी आयुष्यभर त्याच्याशी भांडले. तो म्हणायचा, तुझीच नजर तिरकी आहे. या राज्यात किती घरांत त्याचे मेंढे टांगलेत, सगळ्यांचं डावं वर आहे. एकट्या आमच्याच मेंढ्याचं सरळ कसं असेल?"

लांबी दगड झाली. तिने माझं मनगट सोडलं.

मला खरंच राग आला होता. इतकं बिनचूक काम मी भारतातही क्वचित केलं असेल. सासूबाई टॉर्च धरून विचारत होत्या, "काय म्हणते वं? काय म्हणते?" मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच त्यांना कळलं. त्यांनी टॉर्च बंद केला आणि पदराने मावशीच्या गालावरचं कुंकू पुसलं, जे आणखीच पसरलं.

मावशी पुन्हा दारात जाऊन उभी राहिली, बहुतेक नेहमी उभी राहत असेल तिथे. कमरेवर हात ठेवले. मेंढ्याकडे नाही, नवऱ्याचं शिंगांच्या कामाचं टेबल होतं त्या कोपऱ्याकडे बघून, चांगल्या खणखणीत आवाजात तिने झापलं, "डावं पुन्हा वर गेलंय हं!"

आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला भिंतीला धरून उभं राहावं लागलं.